विश्लेषण : वाचनाचा कंटाळा आहे, तरी मनाविषयीची कोणती पुस्तके वाचावीत?

नैराश्य, चिंता, ‘थेरपी’ हे शब्द आता घराघरांत आणि कार्यालयांत मोकळेपणाने वापरले जातात. त्याबरोबरच ‘ही दहा पुस्तके वाचाच’ अशा याद्याही मोबाइलवर सतत येऊन आदळतात. अडचण इतकीच की, या याद्या तयार करणारे बहुधा पट्टीचे वाचक असतात. जाडजूड पुस्तक पाहूनच ज्यांना जांभई येते, चार पानांनंतर ज्यांचा हात फोनकडे जातो, त्यांच्यासाठी कोणी यादी करत नाही. प्रस्तुत लेखक याच दुसऱ्या गटातला. त्यामुळे कोणते पुस्तक घ्यावे, त्यातले नेमके किती वाचावे आणि कोणते तूर्त ठेवून द्यावे, याचा हा आढावा कंटाळ्याची बाजू लक्षात घेऊन केलेला आहे.

पुस्तक वाचून मनाला खरोखर बरे वाटते का?

पुस्तकांचा उपचारासाठी वापर करण्याला ‘बिब्लिओथेरपी’ म्हणजेच ग्रंथोपचार म्हणतात. हा शब्द अमेरिकी लेखक सॅम्युएल क्रॉदर्स यांनी १९१६ मध्ये ‘अटलांटिक मंथली’ या नियतकालिकातील एका मिश्कील लेखात वापरला. पुढे तो गांभीर्याने घेतला गेला. मानसशास्त्रज्ञ फॉरेस्ट स्कोगिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये सौम्य ते मध्यम नैराश्य असलेल्या ज्येष्ठ नागरिकांना चार आठवड्यांसाठी स्वमदतीचे पुस्तक वाचायला दिले. पुस्तक मिळालेल्यांच्या लक्षणांमध्ये प्रतीक्षा यादीतील लोकांपेक्षा अधिक सुधारणा दिसली.

ब्रिटनने तर यावर योजनाच उभी केली. वेल्समधील कार्डिफ येथे मानसशास्त्रज्ञ नील फ्रूड यांनी २००३ मध्ये ‘बुक्स ऑन प्रिस्क्रिप्शन’ हा उपक्रम सुरू केला. डॉक्टरांनी चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव लिहायचे आणि रुग्णाने ते सार्वजनिक वाचनालयातून न्यायचे. इंग्लंडमध्ये २०१३ पासून ‘रीडिंग वेल’ या नावाने अशीच योजना चालते. कमी तीव्रतेच्या नैराश्यासाठी मार्गदर्शकाच्या मदतीने केलेला स्वमदतीचा अभ्यास हा सुरुवातीचा पर्याय म्हणून ‘नाइस’ या ब्रिटिश संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सुचवला आहे.

यात ‘मार्गदर्शकाच्या मदतीने’ हे शब्द महत्त्वाचे. पुस्तक हाती देऊन माणसाला वाऱ्यावर सोडणे आणि ‘या आठवड्यात किती वाचले, काय जमले?’ असे कोणीतरी विचारणे, यात फरक पडतो. आपल्याकडे हे काम समुपदेशक करू शकतो. तो मिळेपर्यंत एखादा मित्र किंवा बहीणही विचारपूस करू शकते.

ज्याला गरज असते त्यालाच वाचणे का जमत नाही?

या विषयातली खरी मेख इथे आहे. एकाग्रता कमी होणे हे नैराश्याचे एक प्रमुख लक्षण आहे. एकच परिच्छेद तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. आधी आवडणाऱ्या गोष्टींतला रस संपतो. त्यात वाचनही आले. चिंतेने ग्रासलेला माणूस वाचायला बसतो, पण मन उद्याच्या भीतीत गुंतलेले असते. म्हणजे ज्याला पुस्तकाची मदत सर्वाधिक हवी, त्याचीच वाचण्याची ताकद त्या वेळी सर्वात कमी असते.

अशा माणसाला ‘हे वाच, बरे वाटेल’ म्हणत चारशे पानी ग्रंथ भेट देणे हा सद्हेतूने केलेला छळच ठरतो. ते पुस्तक उशाशी तसेच पडून राहते आणि ‘साधे पुस्तकही मला पूर्ण करता येत नाही’ ही आणखी एक टोचणी मागे लागते. म्हणून पुस्तक निवडताना ‘उत्तम कोणते?’ या प्रश्नाआधी ‘आत्ता झेपेल कोणते?’ हा प्रश्न विचारायला हवा. पूर्वी भरभरून वाचणाऱ्या माणसाचे वाचन अचानक थांबले असेल, तर घरच्यांनी त्याला आळस समजू नये. ती मदतीची खूण असू शकते.

‘फीलिंग गुड’ : जाड पुस्तकातली नेमकी कोणती पाने?

स्वमदतीच्या पुस्तकांत सर्वाधिक अभ्यासले गेलेले पुस्तक म्हणजे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड बर्न्स यांचे १९८० सालचे ‘फीलिंग गुड’. अ‍ॅरन बेक यांनी विकसित केलेली बोधात्मक उपचारपद्धती त्यांनी सामान्य वाचकांसाठी उलगडली. घटनेपेक्षा त्या घटनेविषयीचा आपला विचार भावनेला अधिक आकार देतो, हे तिचे सूत्र. पुस्तक मात्र चांगलेच जाड आहे. शेवटचा मोठा भाग औषधांविषयीचा असून मूळ पुस्तक जुने असल्याने तो सोडला तरी चालतो. औषधांबद्दल आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

कंटाळा करणाऱ्यांनी दोनच प्रकरणे वाचावीत. तिसऱ्या प्रकरणात विचारांतील दहा विकृतींची यादी आहे. सगळे किंवा काहीच नाही असा टोकाचा विचार, एका घटनेवरून सरसकट निष्कर्ष, समोरच्याच्या मनातले आपल्याला कळले असे गृहीत धरणे, स्वतःवर शिक्का मारणे वगैरे. ही यादी वाचताना बहुतेकांना आपलीच वाक्ये सापडतात. पाचवे प्रकरण हातपाय गाळून बसण्याविषयी आहे. उत्साह आला की काम करू, असे आपण म्हणतो. बर्न्स म्हणतात की, क्रम उलटा आहे. आधी थोडी कृती होते, मग उत्साह येतो.

पुस्तकातला तीन रकान्यांचा सराव हा त्याचा गाभा आहे. समजा, वरिष्ठांनी अहवालातली चूक दाखवली. पहिल्या रकान्यात मनात आलेला विचार लिहायचा : ‘मला काहीच धड जमत नाही.’ दुसऱ्यात त्यातली विकृती : ‘टोकाचा विचार, स्वतःवर शिक्का.’ तिसऱ्यात वस्तुस्थितीला धरून उत्तर : ‘या अहवालात एक आकडा चुकला. मागचे तीन बरोबर होते. आकडा दुरुस्त करून पाठवतो.’ हे मनातल्या मनात करून भागत नाही, कागदावर लिहावे लागते. पुस्तक संपूर्ण वाचून काहीच न लिहिणाऱ्यापेक्षा दोन प्रकरणे वाचून रोज चार ओळी लिहिणाऱ्याला त्याचा उपयोग होण्याची शक्यता जास्त.

समुपदेशकाच्या खोलीत नेमके काय चालते?

समुपदेशनाला जाण्याआधी अनेकांना हाच प्रश्न छळतो. तिथे आपल्याला वेडे ठरवतील का, नुसते बोलून काय होणार, अशा शंकांपायी लोक महिनोन्‌महिने पायरी चढत नाहीत. त्यांच्यासाठी सिद्धान्तापेक्षा गोष्टी उपयोगी पडतात.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांचे ‘लव्ह्ज एक्झिक्यूशनर’ (१९८९) हे त्यासाठी चांगले. त्यात रुग्णांच्या दहा कथा आहेत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेले आहेत. प्रत्येक कथा स्वतंत्र असल्याने कुठूनही सुरुवात करता येते. यालोम स्वतःचा वैताग, कंटाळा आणि पूर्वग्रहही लपवत नाहीत, त्यामुळे उपचारक हा सर्वज्ञ नसून माणूसच असतो हे उमगते. त्यांचेच ‘द गिफ्ट ऑफ थेरपी’ (२००२) नव्या उपचारकांना उद्देशून लिहिलेले आहे. पण त्यातली ८५ प्रकरणे अगदी छोटी, काही तर दीड-दोन पानांची. लोकल किंवा एसटीच्या प्रवासात एकेक प्रकरण सहज संपते.

लोरी गॉटलिब यांच्या ‘मेबी यू शुड टॉक टू समवन’ (२०१९) मध्ये उपचारकच एका धक्क्यानंतर स्वतः दुसऱ्या उपचारकाकडे जाते. तिच्याकडे येणाऱ्या माणसांच्या आणि तिच्या स्वतःच्या गोष्टी समांतर चालतात. पुस्तक मोठे आहे, पण कादंबरीसारखे पळते. ज्यांना मालिकेचा पुढचा भाग पाहिल्याशिवाय झोप येत नाही, त्यांनी हे घ्यावे.

मेंदूतील बिघाडामुळे माणसाचे जग कसे बदलते, याची उत्सुकता असेल तर ऑलिव्हर सॅक्स यांचे ‘द मॅन हू मिस्टुक हिज वाइफ फॉर अ हॅट’ (१९८५) आहे. सॅक्स हे मज्जाविकारतज्ज्ञ. यातल्या २४ कथाही सुट्या वाचता येतात. हे स्वमदतीचे पुस्तक नव्हे. मात्र आजारापलीकडचा माणूस पाहायला ते शिकवते.

पातळ, तरीही मनात राहणारे पुस्तक कोणते?

व्हिक्टर फ्रँकल यांचे ‘मॅन्स सर्च फॉर मीनिंग’. व्हिएन्नाच्या या ज्यू मनोविकारतज्ज्ञाने ऑशविट्झसह चार नाझी छावण्यांमधील कैद भोगली. सुटकेनंतर त्यांनी नऊ दिवसांत हे पुस्तक सांगून लिहवून घेतले. १९४६ मध्ये ते जर्मन भाषेत प्रसिद्ध झाले, इंग्रजीत १९५९ मध्ये आले. मराठीतही त्याचा अनुवाद उपलब्ध आहे. पहिल्या भागात छावणीतील अनुभव, तर दुसऱ्यात त्यांच्या ‘लोगोथेरपी’ या पद्धतीची ओळख आहे. पहिलाच भाग वाचून थांबले तरी हरकत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘त्यांनी एवढे सोसले, मग तुझे दुःख ते काय?’ असे सुनावण्यासाठी हे पुस्तक कोणाला देऊ नये. दुःखांची तुलना करणे हा फ्रँकल यांचा हेतू नव्हता. वेदना लहान असो वा मोठी, ती माणसाचे मन पूर्ण व्यापते, असेच त्यांनी मांडले आहे.

मराठीत काय वाचता येईल?

इंग्रजीचा ताण नको असेल तर मराठीतही पुरेसा ऐवज आहे. ठाण्यातील ‘आयपीएच’ या संस्थेची १९९० मध्ये स्थापना करणारे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांचे ‘स्वभाव-विभाव’ हे पुस्तक अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची ओळख करून देते. ‘असे झालेच पाहिजे’, ‘लोकांनी माझ्याशी नीट वागायलाच हवे’ अशा हट्टी ‘च’कारांतून आपण स्वतःला कसे दुखावतो, हे एलिस यांनी १९५५ पासून मांडायला सुरुवात केली. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला आणि ही पद्धत भारतात रुजवली. तत्त्वापेक्षा माणसाची गोष्ट आवडत असेल, तर डॉ. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही चरित्रात्मक कादंबरी आहे.

अच्युत गोडबोले यांचे ‘मनात’ हे मानसशास्त्राच्या इतिहासावरचे पुस्तक जाडीने घाबरवते. पण त्याकडे कोशासारखे पाहावे. फ्रॉइडविषयी कुतूहल वाटले की त्याचे प्रकरण उघडावे, वाचून मिटून ठेवावे.

व्यसनाच्या प्रश्नावर अनिल अवचट यांचे ‘गर्द’ आणि ‘मुक्तांगणची गोष्ट’ ही दोन्ही पुस्तके बोलल्यासारख्या सोप्या मराठीत आहेत. गर्दच्या व्यसनावरील त्यांच्या लेखनातूनच पुढे १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी त्याची घडी बसवली आणि पु. ल. देशपांडे यांनी त्यासाठी आर्थिक मदत दिली. लिहिलेल्या शब्दाने प्रत्यक्ष उपचार केंद्र उभे करावे, याचे हे मराठीतले ठळक उदाहरण.

घरातच कोणी आजारी असेल, तर जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’ (२०१२) ही कादंबरी वाचावी. माहीमच्या छोट्याशा घरात राहणारे गोवन ख्रिस्ती कुटुंब आणि तीव्र मनोविकाराशी झगडणारी आई, असा तिचा विषय. २०१६ चा इंग्रजीसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. शांता गोखले यांनी ‘एम आणि हूमराव’ या नावाने ती मराठीत आणली आहे. आजारी माणसावर प्रेम असते, तरी त्याचा राग येतो, थकवा येतो आणि रागाची लाजही वाटते. शुश्रूषा करणाऱ्यांना हे सारे तिथे सापडते, अधूनमधून हसूही येते.

आणि वाचायचेच नसेल, तर? सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचे दोन चित्रपट आहेत. ‘देवराई’ (२००४) स्किझोफ्रेनियावर, तर ‘कासव’ नैराश्यावर. ‘कासव’ला ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले.

कोणती पुस्तके जपून वाचावीत?

बेसल व्हॅन डर कोल्क यांचे ‘द बॉडी कीप्स द स्कोअर’ (२०१४) हे आघातावरचे पुस्तक समाजमाध्यमांवर हमखास सुचवले जाते. आघाताचे ओझे शरीरही वाहते, हा त्याचा मुख्य मुद्दा. पण त्यात हिंसा आणि लैंगिक अत्याचारांची तपशीलवार वर्णने आहेत. ज्यांनी असे काही सोसले आहे, त्यांच्या जुन्या जखमा एकट्याने वाचताना उघड्या पडू शकतात. ते उपचारकाच्या सल्ल्याने वाचावे. पहिले पुस्तक म्हणून तर नकोच.

डॅनियल कानेमन यांचे ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ (२०११) हे निर्णयप्रक्रियेवरील महत्त्वाचे पुस्तक. कानेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले होते. तरीही त्यातील ‘प्रायमिंग’विषयीच्या प्रकरणात ज्या प्रयोगांचा आधार घेतला होता, त्यातले अनेक प्रयोग नंतर पुन्हा करून पाहता तसे निष्कर्ष मिळाले नाहीत. छोट्या नमुन्यांवरील अभ्यासांवर आपण अधिक विसंबलो, हे कानेमन यांनी २०१७ मध्ये मान्य केले. मानसशास्त्राचे पुस्तक कितीही गाजलेले असो, ते पोथी नव्हे, हा यातून घ्यायचा धडा.

काही पुस्तके मात्र सरळ दुकानातच ठेवावीत. सात दिवसांत नैराश्य घालवण्याची हमी देणारे, गोळ्या बंद करायला सांगणारे, सगळा दोष ‘नकारात्मक विचारां’वर ढकलणारे आणि डॉक्टरांकडे कधी जावे हे कुठेच न सांगणारे पुस्तक विश्वासार्ह नसते. लेखकाचे शिक्षण आणि अनुभव काय, हे मागच्या पानावर पाहायला दोन मिनिटे पुरतात.

कंटाळा असताना वाचायचे कसे?

फ्रेंच लेखक आणि शिक्षक डॅनियल पेनाक यांनी १९९२ च्या एका पुस्तकात वाचकाचे दहा हक्क सांगितले. न वाचण्याचा, पाने गाळण्याचा आणि पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क त्यात आहे. कंटाळा करणाऱ्यांनी हे तीन हक्क बिनदिक्कत बजावावेत.

वेळ ठरवताना पानांऐवजी मिनिटे मोजावीत. सकाळच्या चहानंतर दहा मिनिटे पुरेशी आहेत. त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत असावा. फोनवरच वाचत असाल तर नोटिफिकेशन बंद करावीत. आधी अनुक्रमणिका पाहून आपल्या प्रश्नाशी जुळणारे प्रकरण काढावे. डोळे थकत असतील तर ऑडिओबुक ऐकावे किंवा घरातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगावे. पुस्तक विकत घेण्याआधी गावातल्या वाचनालयात चाळावे. वाचून झाल्यावर एकच ओळ लिहावी : ‘यातले मी उद्या काय करून पाहणार?’

आणखी एक पथ्य पाळावे. पुस्तकातील लक्षणांच्या याद्या घेऊन सासू, साहेब किंवा जोडीदार यांना आजारांची लेबले चिकटवू नयेत. ‘तू नार्सिसिस्ट आहेस’ हे भांडणातले वाक्य होऊ शकते, निदान नव्हे. स्वतःचे निदानही पुस्तकावरून करू नये.

पुस्तक बाजूला ठेवून मदत कधी घ्यावी?

उदासी किंवा कशातच रस नसणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, झोप आणि भूक बिघडली, रोजची कामे होईनाशी झाली, तर डॉक्टरांना भेटावे. इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येणे, टोकाचा संशय, दिवसेंदिवस झोपेविना वाढलेला उत्साह ही लक्षणे पुस्तकाच्या आवाक्याबाहेरची आहेत. जगणे नकोसे वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नये. अशा माणसाला एकटे सोडू नये आणि जवळच्या रुग्णालयात न्यावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. सुरू असलेली औषधे कोणतेही पुस्तक वाचून थांबवू नयेत.

या सूचनेला कारण आहे. बंगळूरुच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचे आढळले. वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. एवढी मोठी दरी पुस्तके भरून काढू शकत नाहीत. ‘आपल्याला होतेय त्याला नाव आहे आणि त्यावर इलाज आहे’ एवढे मात्र ती सांगू शकतात. दवाखान्याची पायरी चढायला अनेकदा तेवढे पुरते.

मग सुरुवात कुठून करावी?

स्वतःला दोष देण्याची सवय असेल तर ‘फीलिंग गुड’चे तिसरे प्रकरण. समुपदेशकाकडे जावे की नाही, अशा विचारात असाल तर यालोम यांची एक कथा. घरात कोणाची शुश्रूषा करत असाल तर ‘एम आणि हूमराव’. घरात व्यसनाचा प्रश्न असेल तर ‘मुक्तांगणची गोष्ट’. मराठीतच आणि मुळापासून समजून घ्यायचे असेल तर ‘स्वभाव-विभाव’. यांपैकी एकच निवडावे आणि पंधरा दिवस त्याच्याशीच राहावे. नाही जमले, तर ते परत करून दुसरे आणावे. आणि कोणतेच पुस्तक हातात धरवत नसेल, तर हा वाचनाचा प्रश्न नाही असे समजून थेट बोलायला माणूस गाठावा.